मातीविना बादलीतील टोमॅटो : मुळांना हवा कशी द्याल?

शेडनेट किंवा हरितगृहात सलग चार-पाच वर्षे टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी अशी पिके घेतली की जमिनीत सूत्रकृमी आणि मर रोग बळावतात, हा अनुभव बऱ्याच शेतकरी बंधूंना आहे. माती बदलणे खर्चाचे, ती निर्जंतुक करणे कष्टाचे. त्यामुळे मातीऐवजी बादलीत पोषक द्रावणावर झाडे वाढविण्याकडे काही शेतकऱ्यांचा कल दिसतो. पद्धत चांगली आहे. मात्र परदेशी नमुन्याची बादली जशीच्या तशी आपल्या हवामानात वापरल्यास पहिल्याच उन्हाळ्यात फसगत होते.

ही फसगत साधारण अशी होते. फेब्रुवारीपर्यंत पीक दृष्ट लागण्यासारखे असते. मार्चमध्ये उन्हाचा चटका वाढला की भर दुपारी शेंडे माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभे राहतात. बादलीत पाणी तर भरपूर असते. मग खत कमी पडले असावे असे समजून द्रावणाची मात्रा वाढविली जाते. त्याने रोग आणखी बळावतो. आठ-दहा दिवसांत झाडे माघारी येईनाशी होतात. अशा वेळी झाकण उचलून मुळे पाहावीत. ती पांढरी न राहता चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झालेली असतात. मूळ चिमटीत धरून ओढले तर वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. पाण्याला कुजका वास येतो. पाण्यात उभे असलेले हे झाड गुदमरून गेलेले असते.

आपल्याकडे येणाऱ्या बादलीच्या नमुन्यांबाबत एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. खोल पाण्याच्या बादलीविषयीचे परदेशातील पुष्कळसे साहित्य हे गांजाच्या लागवडीसाठी लिहिलेले आहे. कॅनडात २०१८ पासून आणि अमेरिकेच्या काही राज्यांत हे पीक कायदेशीर आहे. ते बहुधा बंद खोलीत, दिव्यांच्या प्रकाशात, थंड केलेल्या हवेत घेतात आणि द्रावण १८ ते २० अंश सेल्सिअसला ठेवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय गांजाची लागवड १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्या पिकाशी आपल्याला कर्तव्य नाही. पण त्या थंड खोलीतली बादली आपल्या शेडनेटमध्ये येऊन बसली आहे, आणि मे महिन्यात परभणी किंवा अकोल्यात द्रावण २० अंशांवर ठेवण्याचा खर्च टोमॅटोला परवडणारा नाही.

मुळांचा श्वास

पानांप्रमाणे मुळेही जिवंत असतात आणि अहोरात्र श्वास घेतात. त्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना पाण्यात विरघळलेल्या हवेतून मिळतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश तापमानाला एक लीटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सात मिलिग्रॅमच्या आत. पुणे, नाशिकसारख्या उंचावरील भागात तो आणखी थोडा कमी असतो.

हा फरक फार मोठा वाटणार नाही. खरी अडचण दुसऱ्या बाजूला आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की मुळांचा श्वास जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे शिल्लक घटते त्याच वेळी मागणी दुपटीने वाढते. १५ लीटर पाण्यात ३० अंशांना सगळा मिळून सुमारे ११० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. चिमूटभर मिठाचे वजनही याहून जास्त भरेल. फळावर आलेल्या टोमॅटोचा दाट मूळसंभार तो काही तासांत संपवतो. हवेचा पंप चालू असेपर्यंत भरपाई होत राहते. पंप बंद पडला की उलटी मोजणी सुरू होते, आणि शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज चोवीस तास नसते हे वेगळे सांगायला नको.

आता हवेचा हिशोब पाहा. एक लीटर साध्या हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, म्हणजे ३० अंशांच्या एक लीटर पाण्यात मावतो त्याच्या ३५ पट. शिवाय हवेतून प्राणवायू पाण्याच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो. पाण्यात बुडबुडे सोडून हवा विरघळविण्याची खटपट करण्यापेक्षा काही मुळे सरळ हवेतच ठेवावीत, हा बादलीतील सगळ्या उपयुक्त सुधारणांचा पाया आहे.

हा विचार जुना आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात डब्ल्यू. एफ. गेरिक यांनी १९३० च्या आगेमागे मोठ्या टाक्यांत टोमॅटो वाढवून दाखविले, तेव्हापासून मुळांना हवा कशी द्यावी हा प्रश्न या पद्धतीच्या मागे लागला आहे. आपल्या देशात १९४६ पासून जे. शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये, पुढे दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिम्पाँग परिसरात, पंप आणि यंत्रे टाळून खडी-वाळूच्या वाफ्यांत मातीविना पिके घेतली. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी तर पंपच काढून टाकला आणि पाण्याची पातळी उतरू देऊन मुळांना हवेत मोकळे सोडले. पुढील दोन्ही सुधारणा याच वाटेने जाणाऱ्या आहेत.

बादलीची निवड

बादली १५ ते २० लीटरची, जाड प्लॅस्टिकची घ्यावी. रंगाच्या रिकाम्या बादल्या स्वस्त मिळतात, त्या स्वच्छ धुऊन चालतील. कीटकनाशक, तणनाशक किंवा तेलाचे डबे कितीही धुतले तरी वापरू नयेत. पांढरी पातळ बादली प्रकाश आत सोडते, त्यामुळे द्रावणात शेवाळ वाढते. काळी बादली प्रकाश अडवते, पण उन्हात तापते. म्हणून बादलीला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. रंग द्यायचा नसेल तर काळी बादली घेऊन तिला पांढऱ्या पिशवीचे किंवा चुन्यात बुडविलेल्या गोणपाटाचे वेष्टन घालावे. झाकणही पांढरे असावे. बादल्या तापलेल्या सिमेंटच्या कोब्यावर ठेवू नयेत. खाली विटा किंवा लाकडी पट्ट्या द्याव्यात.

पाण्याची पातळी उतरविणे

खोल पाण्याच्या बादलीत रोप झाकणातील जाळीच्या कपात बसविलेले असते आणि मुळे खाली द्रावणात लोंबतात. रोप लावताना द्रावण कपाच्या तळाला जेमतेम लागेल इतके ठेवावे. मुळे वीतभर खाली उतरली की पातळी दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोडी थोडी कमी करीत न्यावी आणि कपाचा तळ व पाणी यांत १० सें.मी. मोकळी जागा राहू द्यावी. झाड फुलावर येईपर्यंत २० लीटरच्या बादलीत साधारण निम्मे द्रावण आणि निम्मी हवा असे प्रमाण असावे. त्या दहा लीटर हवेत अडीच ग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो, खालच्या दहा लीटर पाण्यात ७५ मिलिग्रॅमच्या आसपास.

या मोकळ्या जागेत काही दिवसांत मुळांवर बारीक, पांढरी, केसाळ लव दिसू लागते. ही हवेतील मुळे होत. झाडाचा श्वास त्यांच्यावर चालतो आणि पंप रात्रभर बंद राहिला तरी झाड तग धरते. मात्र एक चूक येथे हमखास होते. पाणी कमी दिसते म्हणून मजूर सकाळी बादली पुन्हा काठोकाठ भरतो. हवेला सरावलेली ही मुळे एकदम बुडाली की गुदमरतात आणि दोन दिवसांत झाड मलूल होते. तेव्हा बादलीच्या आत पातळीची खूण रंगाने करून ठेवावी आणि त्याच्या वर द्रावण जाऊ देऊ नये. बाजूला त्या उंचीवर १६ मि.मी.चे छिद्र पाडून जादा पाणी बाहेर पडण्याची सोय केली तर अधिक चांगले.

हवा कोंडलेली राहू नये म्हणून झाकणाच्या कडेला बोटभर जाडीची चार-पाच छिद्रे पाडावीत आणि आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवावा. तो विसरू नये. साचलेले स्वच्छ पाणी ही डेंग्यूच्या डासाची आवडती जागा आहे.

हवेचा पंप असेल तर तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा. खाली ठेवलेल्या पंपात वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे उतरते आणि पंप जळतो.

माध्यम भरलेली बादली

वीज भरवशाची नसेल तर आमचे स्पष्ट मत असे की खोल पाण्याच्या नादी लागू नये. त्याऐवजी बादलीत कोकोपीट व पर्लाइट भरून ठिबकने द्रावण द्यावे. हॉलंडमधून प्रसार पावलेली, बाजूला निचऱ्याचे तोंड असलेली १०-१२ लीटरची बादली याच प्रकारातली. ती विकत मिळते, घरीही करता येते.

या बादलीत निचऱ्याचे छिद्र अगदी तळाला न पाडता थोडे वर, बाजूला पाडतात, म्हणजे खाली थोडे द्रावण राखीव राहते. किती वर पाडायचे हे माध्यमावर ठरते. नुसते पर्लाइट किंवा विटांचे तुकडे असतील तर तळापासून ४ सें.मी. वर छिद्र घ्यावे. कोकोपीट जास्त असेल तर दीड-दोन सें.मी. पुरे, कारण कोकोपीट स्वतःच भरपूर पाणी धरून ठेवते आणि छिद्र उंच घेतले तर खालचा अर्धा भाग चिखलासारखा होतो. २५ सें.मी. व्यासाच्या बादलीत ४ सें.मी. उंचीपर्यंत माध्यम वजा जाता साधारण लीटरभर द्रावण राखीव राहते. फळावर आलेल्या झाडाची ती अर्ध्या दिवसाची बेगमी झाली.

तळाशी खडीचा थर दिला की निचरा सुधारतो असा सर्वत्र समज आहे. तो बरोबर नाही. कोणत्याही कुंडीत बारीक माध्यमाच्या तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर राहतोच. खडी घातली की तो थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांची कोरडी जागा उलट कमी होते. छिद्रापाशी शेडनेटचा दुहेरी तुकडा लावला की माध्यम वाहून जात नाही, तेवढे पुरेसे आहे. पसरट बादलीपेक्षा उंच बादली बरी, तीही याच कारणाने.

कोकोपीट आणि पर्लाइट समप्रमाणात मिसळावे. विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात दोन भाग कोकोपीट व एक भाग पर्लाइट चालेल. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजल्यावर फुगून ६५ ते ७० लीटर होते. ते थेट बादलीत भरू नये. त्यात सोडियम आणि पोटॅशचे क्षार असतात. आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे. नंतर एका विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळलेल्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे आणि सकाळी पुन्हा धुऊन घ्यावे. निथळणाऱ्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे ई.सी., मूळ पाण्याच्या जवळपास आली की कोकोपीट तयार झाले असे समजावे. ही पायरी गाळली तर कोकोपीट द्रावणातील कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेते आणि टोमॅटोच्या फळांचा खालचा भाग काळा पडून बसतो. मग कॅल्शियमच्या फवारण्या करीत बसावे लागते.

प्रत्येक झाडाला एक ठिबक तोटी न देता ताशी दोन लीटरच्या दोन तोट्या द्याव्यात. मातीत एक तोटी बंद पडली तर झाड आठवडाभर कळ काढते. बादलीत ते एका दुपारी वाळते. दुसऱ्या तोटीचा खर्च हा विमा समजावा.

टाकी जमिनीत असावी

एकट्या बादलीतील थोडे द्रावण लवकर तापते आणि त्यातील खताचे प्रमाणही रोज बदलते. म्हणून बादल्या एका मोठ्या टाकीला जोडाव्यात. शंभर झाडांना भर उन्हाळ्यात दिवसाला सुमारे २०० लीटर द्रावण लागते. त्यासाठी १,००० लीटरची टाकी ठेवली तर चार-पाच दिवसांचा साठा राहतो आणि तापमानही सावकाश बदलते.

ही टाकी गळ्यापर्यंत जमिनीत पुरावी आणि वर पाचटाची किंवा शेडनेटची दाट सावली करावी. मीटरभर खोलीवरील जमिनीचे तापमान दुपारच्या हवेपेक्षा बरेच कमी असते आणि दिवसरात्रीत फारसे हलत नाही. पाणी थंड ठेवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. काळ्या जमिनीत खड्डा थोडा मोठा घेऊन टाकीच्या भोवती मुरूम किंवा वाळू भरावी, नाहीतर ओली माती फुगून टाकीला दाबते. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नये. खड्ड्यात पाणी साचले की रिकामी टाकी वर उचलली जाते.

टाकी खाली असल्याने निचऱ्याचे द्रावण आपोआप उताराने परत येते. परतीची नळी ६३ मि.मी.ची घ्यावी आणि शंभर फुटाला एक फूट उतार द्यावा. खर्च वाचविण्यासाठी बारीक नळी घालण्याचा मोह होतो, पण टोमॅटोची मुळे निचऱ्याच्या छिद्रातून नळीत शिरतात, दोन महिन्यांत नळी चोंदते आणि ओळीतल्या शेवटच्या बादल्या तुंबून भरतात. नळीच्या दोन्ही टोकांना उघडता येणारी टोपणे ठेवावीत. टाकीच्या तोंडाशी जाळी आणि पंपानंतर गाळणी हवीच. पाण्यात बसणारा पंप द्रावण तापवतो, तेव्हा शक्यतो टाकीबाहेरील पंप वापरावा.

ठिबकच्या मुख्य नळ्या उन्हात उघड्या ठेवू नयेत. काळ्या नळीत थांबलेले द्रावण दुपारी हात लावता येणार नाही इतके तापते आणि पंप सुरू होताच तेच पहिल्यांदा मुळांवर पडते. जमिनीत पुराव्यात किंवा पाचटाखाली झाकाव्यात. टाकी थंड ठेवण्याची सगळी मेहनत या एका दुर्लक्षाने वाया जाते.

पाणी तपासून घ्यावे

आपल्या बहुतेक विहिरी व विंधन विहिरींचे पाणी जड असते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात आणि सामू साडेसातच्या वर असतो. मातीविना शेतीत द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ असावा लागतो. त्याच्या वर लोह, मंगल व जस्त झाडाला मिळेनासे होतात आणि कोवळी पाने पिवळी पडतात. पाण्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत देऊन ई.सी., बायकार्बोनेट, सोडियम व क्लोराईड तपासून घ्यावेत. मूळ पाण्याचीच ई.सी. १.० पेक्षा जास्त असेल तर परत फिरविलेल्या द्रावणात क्षार लवकर साचतात. अशा ठिकाणी हरितगृहाच्या छतावरील पावसाचे पाणी साठवून वापरावे. दहा गुंठ्यांच्या छतावर ५०० मि.मी. पाऊस पडला तर गळती धरूनही चार लाख लीटर पाणी हाती येते, म्हणजे अडीच हजार झाडांच्या पाच महिन्यांच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक.

बायकार्बोनेट आम्लाने कमी करावे लागते. अहवालात ते मिलिइक्विव्हॅलंट प्रति लीटर या एककात दिलेले असते. त्यातील १ इतके प्रमाण पाण्यात राहू द्यावे आणि उरलेल्या प्रत्येक एककासाठी १,००० लीटर पाण्याला ८५ टक्के तीव्रतेचे फॉस्फोरिक आम्ल सुमारे ७० मि.लि. लागते. या आम्लातून स्फुरदही जाते. म्हणून दीड एककापर्यंतच ते वापरावे आणि तेवढ्या मानाने द्रावणातील ०:५२:३४ खत कमी करावे. यापेक्षा जास्त बायकार्बोनेट असेल तर नायट्रिक आम्लाचा हिशोब तज्ज्ञांकडून करून घ्यावा. आम्ल नेहमी पाण्यात सावकाश ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा. आणि ज्या भांड्यात ब्लीचिंग केले त्यात आम्ल जाऊ देऊ नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

पोषक द्रावण

फुलावर आलेल्या टोमॅटोसाठी १,००० लीटर पाण्यात पुढीलप्रमाणे खते वापरता येतात.

कॅल्शियम नायट्रेट ९०० ग्रॅम
पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) ३५० ग्रॅम
मोनो पोटॅशियम फॉस्फेट (०:५२:३४) २०० ग्रॅम
पोटॅशियम सल्फेट (०:०:५०) १०० ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट ४५० ग्रॅम
चिलेटेड लोह, ई.डी.डी.एच.ए. ६ टक्के, ४० ग्रॅम
मँगनीज सल्फेट २ ग्रॅम, बोरिक ॲसिड २ ग्रॅम, झिंक सल्फेट १.५ ग्रॅम, कॉपर सल्फेट ०.२ ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट ०.१ ग्रॅम

यातून झाडाला साधारण १८५ पीपीएम नत्र, ४५ पीपीएम स्फुरद, २३० पीपीएम पालाश व १७० पीपीएम कॅल्शियम मिळते. स्फुरद व पालाश येथे मूलद्रव्याच्या रूपात मोजले आहेत. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम या मात्रांतून वजा करावेत. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवावे आणि टाकी पाऊण भरल्यावर आधी ते, मग चांगले ढवळून बाकीची खते सोडावीत. घट्ट द्रावणे एकत्र आली तर कॅल्शियमचे सल्फेट व फॉस्फेट यांच्याशी मिलन होऊन पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे वाया गेलेले खत आणि चोंदलेल्या तोट्या.

रोप लावल्यावर ई.सी. १.२ ते १.५ ठेवावी, फुलोऱ्यात २.० आणि फळे पोसताना थंडीच्या दिवसांत अडीचपर्यंत नेता येते. उन्हाळ्यात मात्र उलट करावे. झाड तेव्हा खतापेक्षा पाणी जास्त ओढते. ई.सी. १.८ पर्यंत खाली आणावी. टाकीतील ई.सी. रोज सकाळी मोजावी. ती चढत असेल तर झाडे पाणी पीत आहेत पण खत तितके घेत नाहीत, साधे पाणी घालावे. ती उतरत असेल तर खत वाढवावे. दोन्ही न बदलता पातळीच कमी होत असेल तर प्रमाण जमले आहे. सामू आणि ई.सी. मोजणारी यंत्रे नसतील तर ही शेती सुरूच करू नये, इतके ते आवश्यक आहे.

द्रावणाच्या पाळ्या

माध्यमाच्या बादलीत दिवसातून दोनदा भरपूर देण्यापेक्षा थोडे थोडे अनेकदा द्यावे. प्रत्येक पाळीत खाली जाणारे द्रावण आपल्यामागे ताजी हवा आत ओढते, म्हणजे पाणी देणे हेच हवा देणे होते. फळावरील झाडाला दोन लीटर लागत असेल तर चतुर्थांशाहून थोडा जास्त निचरा धरून पावणेतीन लीटर सोडावे. बारा पाळ्या केल्या तर प्रत्येकी सव्वादोनशे मि.लि. होतात आणि ताशी दोन लीटरच्या दोन तोट्यांना त्यासाठी साधारण सव्वातीन मिनिटे लागतात. पाळ्या सूर्योदयानंतर तासाभराने सुरू कराव्यात, अकरा ते चारमध्ये जवळ घ्याव्यात आणि सूर्यास्तापूर्वी दोन तास थांबवाव्यात. रात्रभर गच्च ओले माध्यम मुळांना नको असते. ढगाळ दिवशी पाळ्या निम्म्या कराव्यात. घड्याळ लावून निश्चिंत होणाऱ्यांचे नुकसान बहुधा जून-जुलैच्या झडीत होते.

मूळकूज दिसल्यास

कुजलेल्या मुळांवर पिथियम ही बुरशी आढळते. तिची उष्ण पाण्यात वाढणारी जात २५ अंशांच्या पुढे जोर धरते. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून परत फिरविलेल्या द्रावणातून एका बादलीचा रोग साऱ्या ओळीला पोचतो. बुरशी बहुधा आधीपासून तिथे असते. गुदमरलेले मूळ तिला दार उघडून देते.

एखादे झाड दुपारी एकटेच मलूल झाले तर त्याच दिवशी मुळे पाहावीत. तपकिरी असतील तर ती बादली द्रावणासकट ओळीतून काढावी, झाड पिशवीत बांधून शेताबाहेर न्यावे आणि परतीचे द्रावण काही दिवस टाकीत न घेता बाहेर सोडावे. टाकी रिकामी करून धुवावी व हलके, १.५ ई.सी.चे ताजे द्रावण भरावे. खोल पाण्याच्या बादल्यांत पातळी दोन बोटे आणखी उतरवावी. दुपारी शेडनेटचा दुसरा पडदा ओढावा. मुळे अर्धी गेलेल्या झाडावरील काही फळे तोडून भार हलका केला तर ते नवीन मुळे फोडते. बुरशीनाशक वापरायचेच असेल तर त्या पिकासाठी शिफारस असलेलेच आणि लेबलवरील मात्रेतच वापरावे. फिरत्या द्रावणात अंदाजाने औषध ओतणे धोक्याचे, कारण ते रोज नव्याने मुळांत आणि पुढे फळांत जाते.

ट्रायकोडर्मा रोग आल्यावर फारसे कामाचे नाही. ते कोकोपीट भरतानाच मिसळावे. ज्या द्रावणात ट्रायकोडर्मा आहे त्यात हायड्रोजन पेरॉक्साईड टाकू नये. दोन्हींचे पैसे जातात. दोन पिकांच्या मध्ये बादल्या, नळ्या व तोट्या घरगुती ब्लीचचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग या मिश्रणाने धुऊन साध्या पाण्याने निथळून घ्याव्यात.

कोणी करावे, केव्हा करावे

कॅलिफोर्नियातीलच होगलंड व अरनॉन यांनी १९३८ साली दाखवून दिले की सकस जमिनीत नीट घेतलेले पीक आणि द्रावणातील पीक यांच्या उत्पादनक्षमतेत मूलतः मोठा फरक नसतो. ज्यांची जमीन निरोगी आणि निचऱ्याची आहे त्यांनी बादलीच्या मागे लागण्याचे कारण नाही. जमिनीत सूत्रकृमी घट्ट बसले आहेत, किंवा खडक आहे, किंवा जमीन चोपण झाली आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. आणि रोज सकाळी अर्धा तास टाकीपाशी उभे राहण्याची तयारी असणाऱ्यांसाठी.

पहिल्या वर्षी वीसच बादल्या लावाव्यात. त्यातील दहा खोल पाण्याच्या व दहा माध्यमाच्या ठेवून आपल्या विजेला व पाण्याला काय मानवते ते पाहावे. लागवड ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये केली तर मुळे थंडीत पसरतात, मुख्य तोडे उन्हापूर्वी येतात आणि एप्रिलमध्ये पीक काढून टाकता येते. टाकीतून उपसलेले जुने द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये. त्यात नत्र असते, ते पाण्यात मिसळून नारळ, केळी किंवा चाऱ्याच्या गवताला द्यावे.